दोन सीटांची गाडी

अप्पांची ती उघडी, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स गाडी चिकमगळूरच्या एका कॉफीमळेवाल्याकडून आली होती. बसवनगुडीच्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं नुसती उभी होती. इंजिनांच्या कारखान्यात टेस्टिंगला पंचवीस वर्षं काढून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि दुसऱ्याच आठवड्यात चेन-पुली लावून तिचं इंजिन बाहेर काढलं.

सिलिंडर झिजून लंबगोल झाले होते. ते बोअर करून घेतले, एक साइज मोठे पिस्टन घातले. हेड थोडं तासून घेतलं. व्हॉल्व्ह मी स्वतः घासले, पेस्ट लावून, तळव्यांमध्ये काठी फिरवत. दोन दिवस पोळी लाटताना हात दुखत होते. अप्पा वेताच्या खुर्चीत बसून बघायचे. काही विचारायचे नाहीत.

धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाहून, इंदिरानगरहून, रविवारी यायचा. त्याचं म्हणणं एकच, "अक्का, कॅमशाफ्ट रेसिंगचा घाल. पॉवर वाढेल."

"वाढेल, पण इंजिन खूप जोरात फिरवल्यावर. तुला सिग्नलवरून उठायचंय की रेसला जायचंय? या ट्रॅफिकमध्ये कमी वेगातली ओढ हवी."

"सरी, सरी, बरं बाई. तुला जास्त कळतं," म्हणून तो हसला आणि इंजिनावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

आठ महिन्यांनी इंजिन जागेवर बसलं. रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरांचा श्वास सारखा केला आणि रविवारी सकाळी, भाऊ आलेला असताना, गाडी सुरू केली. अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, स्वतः चालवायचीय त्यांना. मी किल्ली दिली. त्यांनी ती भावाच्या हातात ठेवली.

"चल, मला फिरवून आण."

सीट दोनच. मी फाटकाशी उभी राहून ऐकत राहिले. समोरच्या चढावर त्यानं गिअर बदलला नाही, तरी इंजिन कुठे अडखळलं नाही. त्या क्षणी मला आधी आनंदच झाला, हे सांगायची आज लाज वाटते.

पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. ते दोघं गाडीतून गेले, मी मेट्रोनं. मी पोचले तेव्हा बॉनेट उघडं होतं, भोवती माणसं होती आणि अप्पा सांगत होते, "सगळं इंजिन माझ्या मुलानं बांधलं. मुलीनं स्वल्प मदत केली, पुसायला-बिसायला." भावानं मला पाहिलं. तो बॉनेटच्या आत वाकून काहीतरी बघायला लागला.

घरी आल्यावर मी अप्पांना विचारलं, "असं का सांगितलंत?"

"त्याला वाटलं पाहिजे ना, गाडी आपली आहे म्हणून. तरच तो सांभाळेल."

"आणि मी?"

"तुझ्यानंतर कोण आहे?" अप्पा म्हणाले. आवाज न चढवता, पत्ता विचारावा तसं. "तुला ना नवरा, ना मूल. गाडी पुढे जायला हवी."

मी त्यांना जेवायला वाढलं. दुसरं काय करणार होते? पुढच्याच रविवारी गाडी इंदिरानगरला गेली.

चार-पाच महिन्यांनी भावाचा फोन आला. गाडी सिग्नलला थांबली की बंद पडते, चढावर ओढत नाही, गरम होते.

"कॅमशाफ्ट बदललास?"

"एका गॅरेजवाल्यानं सांगितलं म्हणून... अक्का, येऊन जरा बघतेस का?"

"ज्यानं बदलला त्याला विचार."

"असं काय गं? घरचीच गाडी आहे."

"इंजिन तू बांधलंस ना? तुला कळेल," मी म्हणाले आणि फोन ठेवला. बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. कुठे काय बिघडलंय ते मला बसल्या जागी कळत होतं आणि हात शिवशिवत होते. तरी गेले नाही.

गाडी आता त्याच्या अपार्टमेंटच्या तळघरात तशीच कव्हरखाली असते. दर रविवारी अप्पा फोन स्पीकरवर टाकून विचारतात, "गाडी कशी आहे रे?"

"फर्स्ट क्लास, अप्पा."

अप्पा माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवतात. मी त्यांच्या गोळ्या पाण्याबरोबर समोर ठेवते.