सासरी का माहेरी?

सुशीलामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धूलकोटच्या बसमध्ये होते. शेजारची सीट त्यांचीच असायची… महिना झाला, अजून मी तिथे पिशवी ठेवत नाही.

मी बुरहानपूरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणसं भावना कशा आवरतात, याची परदेशात बनलेली प्रश्नावली इथल्या बायकांसाठी मराठीत करायला घेतली, तेव्हा अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या मावशी शहरातल्या इतवारा मोहल्ल्यातून माझ्याबरोबर गावोगाव यायला लागल्या. नियमाप्रमाणे मी एकेका बाईला शाळेच्या खोलीत बोलवायची, दार लावायची. ‘दुःख झालं तर मी ते दाखवत नाही’ हे वाचलं की प्रत्येक बाई मान हलवायची, ‘हो.’ गुण मोजले तर सगळं गाव मन मारून जगणारं निघालं! उद्या याच बायकांना आजारी म्हणायला लोक मोकळे झाले असते. मला मात्र काम फत्ते झाल्याचा कोण आनंद!

मावशींनी कागद वाचून कपाळाला हात लावला. “दाखवत नाही म्हणजे कुठे, पोरी? सासरी का माहेरी? ते तर पूछ पहले!”

“मावशी, मूळ प्रश्नात घराचा उल्लेखच नाहीये.”

“मग लिवणाऱ्याले सासर नसंल.”

मला रागच आला. दोन वर्षांची मेहनत होती माझी. पण दुसऱ्या दिवशी मावशी मला ओढतच एका गच्चीवर घेऊन गेल्या. तिथे बायका पापड लाटत होत्या. मावशींनी लाटणं हातात घेतलं आणि लाटता लाटता तोच प्रश्न विचारला. खोलीत मला ‘कधीच दाखवत नाही’ सांगणारी एक जण इथेही तेच म्हणाली. तिची जाऊ फिसकन हसली, “झूठ नको बोलू! दिवाळीले माहेरून आली तं डोळे कसे सुजेल होते!”

“आईपाशी नाही रडणार तं कोनापाशी?” ती म्हणाली, आणि मग जी ती आपापलं सांगायला लागली.

जुने गुण मी रद्द केले. एका प्रश्नाचे दोन झाले, दाराची कडी गेली. संशोधनातले माझे मार्गदर्शक कुरकुरले, पण त्यांना पटलं. आज माझ्या विद्यार्थिनी तीच प्रश्नावली घेऊन देडतलाईपर्यंत जातात, चारचौघींत बसतात. याचं मला फार समाधान वाटतं.

परवा मावशींच्या घरी गेले. त्यांची सून स्वयंपाकघरात मेथी निवडत रडत होती, सासरे बाहेर बसलेले असताना, अगदी मोकळेपणी. मी हळूच दार लोटायला गेले.

“राहू द्या ना ताई,” ती म्हणाली. “या घरात रडासाठी मले कधी माहेरी जावं नाही लागलं.”