जीभ वर, जवान!

ईशान्येच्या जंगलात आमच्या प्लाटूनची पोस्ट होती. रोज संध्याकाळी सहाला फॉल-इन. सुभेदार कदमसाहेब प्रत्येकाच्या तळहातावर मलेरियाची गोळी ठेवत. गिळायची, तोंड उघडायचं, जीभ वर करून दाखवायची. शेवटची गोळी साहेब स्वतः घेत आणि माझ्यासमोर आ करून उभे राहत. माझ्याचसमोर, कारण कडू लागते म्हणून मी आठवडाभर गोळ्या गालात दाबून झुडपात थुंकल्या होत्या आणि नंतर तापाने फणफणलो होतो. शिक्षा म्हणून साहेबांचं तोंड तपासायची ड्युटी माझ्या गळ्यात पडली.

पेन्शनीवर आल्यावर मी कानडी मुलखात, गोकुळ रोडच्या एका कारखान्यात सिक्युरिटीचं काम केलं आणि नवनगरात घर बांधलं. साहेबही दोन गल्ल्या पलीकडे राहायला आले. मला बीपी निघालं तेव्हा सकाळच्या चहाबरोबर गोळी ठेवायचं काम सुमनने, माझ्या बायकोने, आपण होऊन घेतलं. मग सुमन गेली. चहा मी करायला शिकलो, गोळी मात्र डब्यातच राहू लागली. कंटाळा नव्हता. घेतली का, असं विचारणारं घरात कोणी नव्हतं, आणि ते मला सोसत नव्हतं. पुण्याची मुलगी दर रविवारी फोनवर विचारायची, "गोळ्या घेता ना, अप्पा?"

"ऑल ओके. ओव्हर."

खोटा रिपोर्ट. नोकरीत असतो तर बाहीवरची पट्टीच उतरली असती.

एका मंगळवारी सकाळी नऊला बसस्टॉपवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कोसळलो. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात. बीपीचा वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेलेला. थोडक्यात वाचलात, डॉक्टर म्हणाले. खाटेशी कदमसाहेब उभे होते, हातात माझ्या घरून आणलेला गोळ्यांचा डबा. पट्ट्या जशाच्या तशा.

"हवालदार जाधव, रिपोर्ट."

"ऑल ओके, सर."

"अजून झुडपातच थुंकतोस होय रे?"

मी खरं ते सांगितलं. "घरात विचारणारं कोणी नाही, सर."

साहेबांनी डबा माझ्या उशाशी ठेवला. त्यांचाही संसार एकट्याचाच. "माझ्याही गोळ्या आहेत, मला तरी कोण विचारतंय? घरी आलास की रोज सकाळी साडेसातला माझ्या फाटकाशी फॉल-इन. गोळी आणि पाणी घेऊन."

दोन म्हातारे रस्त्यात एकमेकांना जीभ दाखवतात, ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार! समोरच्या गिरिजाक्का, शाळेतून रिटायर्ड झालेल्या बाई, पोट धरून हसल्या आणि तिसऱ्या दिवशी आपल्या गोळ्यांची पट्टी घेऊन ओळीत उभ्या राहिल्या.

"नानू बरतीनी, मीपण येते. पण ओरडायचं नाही हं, सुभेदार. आयुष्यभर मीच ओरडत आलेय."

पुढे आणखी दोघं आले. परेड दहा मिनिटांची, गप्पा तासभर. मला सकाळची वाट बघायची सवय लागली. खरं सांगतो, सुमन गेल्यावर पहिल्यांदाच. साहेबांचा नियम तोच, आपली गोळी सर्वांत शेवटी. तोंड तपासणार मी.

पाच वर्षांनी साहेब गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्या सकाळचा आ मीच तपासला होता. जीभ वर, तोंड साफ.

दुसऱ्या दिवशी साडेसात वाजले. मी खुर्चीतून उठलो नाही. डबा समोर होता, हात जात नव्हता. आता कुणाला दाखवायचं?

पावणेआठला फाटक वाजलं. बाहेर तिघं ओळीत उभी. गिरिजाक्का पुढे आल्या. डोळे सुजलेले, हातात पाण्याचा तांब्या.

"आम्ही सगळ्यांनी घेतली, जाधव अण्णा. शेवटची तुमची."

मी गोळी गिळली आणि वळायला लागलो.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "साहेबांची ड्युटी आता माझ्याकडे. बाय तेगीरी. उघडा तोंड."

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि जीभ वर करून दाखवली.