प्रोजेक्टरचा कौल

माणसाच्या विवेकाची खरी कसोटी चांगल्या-वाईटातून निवड करताना लागत नाही. ती अगदी सारख्या तीन गोष्टींमधून एक उचलताना लागते. हा विचार मला रत्नागिरीतल्या एका दुकानात, तीन प्रोजेक्टरांसमोर उभा असताना सुचला. मी तो बोलून दाखवला. दुकानदाराने ऐकून घेतले आणि पंखा लावला.

मी स्वतःसाठी गेलो नव्हतो. पावसला आमच्या शेजारच्या वहिनी बायकांचा बचत गट चालवतात. गट आंबापोळी करतो. ती गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर टेबल मांडून विकायची, आणि पर्यटकाने पोळी न घेता नुसता फोटो काढला तरी हसायचे, असा एकंदर व्यवसाय. यंदा पुण्याच्या एका हॉटेलचे खरेदीचे साहेब येणार होते. ते हो म्हणाले तर सगळी पोळी जागेवरून उचलली जाणार. नाही म्हणाले तर पुन्हा टेबल. पलीकडच्या गावातल्या गटाने अशाच एका साहेबांना भिंतीवर चित्रे दाखवून ऑर्डर मिळवली होती. म्हणून प्रोजेक्टर. आणि मी कॉलेजात शिकवून निवृत्त झालो होतो, म्हणून मी.

"सर, तुमी सांगाल तो घेऊ," वहिनी म्हणाल्या होत्या.

तिन्हींचा उजेड सारखा, वजन सारखे, खांद्याला लावायची बॅगही सारखी; फरक तेवढा रंगाचा. एकाच्या माहितीपत्रकावर 'व्यवसायासाठी' असे होते, दुसऱ्याच्या 'प्रगत व्यवसायासाठी'.

"यात जास्त काय आहे?" मी विचारले.

"फीचर जास्त आहेत."

"कुठली?"

"ती वापरताना कळतात."

गटाच्या बैठकीत मी सांगितले की, कुठलाही घेतला तरी चालेल. माझे हे मत कोणालाच आवडले नाही.

"कुठलाही म्हंजे?" एक काकू म्हणाल्या. "उद्या चुकला तर बोलायचं कोणाला?"

याचे उत्तर माझ्या अभ्यासक्रमात येत नव्हते. ते ग्रामदेवतेकडे होते. आमच्याकडे लग्न, विहीर, कोर्टकचेरी यांतले अडलेले काही असले की देवाला कौल लावतात. मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, आणि जी आधी पडेल तो देवाचा शब्द.

गुरवाने सगळे ऐकले. "तिनातला एक देव सांगत नाही," तो म्हणाला. "दोन करून या."

बायकांनी देवळाच्या पायरीवरच काळा बाद केला. तो उन्हात तापेल म्हणून. राहिले पांढरा आणि करडा. गुरवाने गाऱ्हाणे घातले: "बा महाराजा, तुझ्या लेकींनी धंदा मांडलाय. त्यांना पांढरं यंत्र लाभेल तर उजवी दे, करडं लाभेल तर डावी दे." सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटले. मीही म्हटले, तिथे एकट्याने गप्प उभे राहणे फार उठून दिसते. उजवी पडली.

संध्याकाळी माझ्या ओटीवर पांढऱ्याची चाचणी झाली. चित्र सुरेख आले. काकूंनी माझ्याकडे पाहिले, आणि मी देवळाच्या दिशेने पाहिले.

साहेब भर दुपारी आले. कार्यक्रम गटाच्या शेडमध्ये ठेवला होता. शेड गटाचा अभिमान. पोळी आत वाळावी, पण तिला धूळ लागू नये, माशी बसू नये, म्हणून वर आणि चारी बाजूंनी पारदर्शक पत्रे लावलेले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे सावलीचा ठिपका पडत नाही. इतकी उजेडाची जागा पावसमध्ये दुसरी नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. फक्त एकदम आठवले नव्हते.

यंत्र चालू झाले. समोर पडदा म्हणून काकूंच्या घरच्या काकांचे धुतलेले धोतर टांगले होते. त्यावर काकांचे धुतलेले धोतर दिसत होते.

वहिनींनी पाठ केलेले भाषण मात्र थांबवले नाही. "या चित्रात," धोतराकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "आमची शेड दिसतेय."

साहेबांनी धोतराकडे पाहिले, मग पत्र्याकडे. "दिसतेय," ते म्हणाले.

"पुढच्या चित्रात ताटांत पोळी वाळतेय."

साहेबांनी मान वळवली. मागे फळ्यांवर ताटे होती, ताटांत पोळी होती, आणि ती वाळत होती. ते उठून तिथे गेले. एक काठ उचलून त्यांनी उजेडाकडे धरला, वास घेतला, मग तुकडा तोंडात टाकला. भाषण अजून चालू होते. त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

"बाई, साखर किती घालता?"

"ते सहाव्या चित्रात आहे," वहिनी म्हणाल्या.

"तोंडी सांगा."

त्यांनी सांगितले. साहेबांनी तिथेच होकार दिला आणि घरच्यांसाठी एक पाकीट वेगळे बांधून मागितले. परतताना काकू मला म्हणाल्या, "बघा सर, कौल कधी खोटा नाही जात." पलीकडच्या गावातल्या एकीने पुढच्या आठवड्यात येऊन नेमके मॉडेल विचारून घेतले.

प्रोजेक्टर आता वहिनींच्या कपाटात असतो. बॅग चांगली निघाली. नमुन्याची पोळी तिच्यातून नेतात.