रिकाम्या जागेवरचे तास

वनस्पतिशास्त्र विभागातल्या कायम नोकरीच्या प्राध्यापिकांना विद्यार्थी ‘मॅडम’ म्हणत आणि तिला ‘ताई’. हा भेद त्यांना कोणी शिकवला नव्हता. कोणापुढे हट्ट करायचा आणि कोणापुढे नाही, हे घरातल्या लहान मुलाला जसे आपोआप उमगते, तसा नव्या वर्गाला तो पहिल्याच आठवड्यात उमगे. पाठीमागे तिला ‘ब्लेडताई’ असेही नाव होते. खोडाचा पातळ छेद घेण्यात तिचा हात धरणारे त्या इमारतीत कोणी नव्हते. पाते ओले करून ती ते एका दमात आपल्याकडे ओढी. पाण्यात तरंगणारा तो पापुद्रा इतका नितळ असे, की मुलांना तो दिसण्याआधी बोटाने दाखवावा लागे.

पदव्युत्तर परीक्षेत ती याच विभागातून पहिली आली होती. त्या वर्गात मुलीच अधिक होत्या, आणि पदवीदानाच्या दिवशी व्यासपीठावरून त्याचा अभिमानाने उल्लेख झाला होता. उल्लेख खराच होता. मात्र त्यानंतर काय झाले, हे सांगायला कोणी व्यासपीठावर गेले नाही. बरोबरची मुले बियाण्यांच्या कंपन्यांत आणि तपासणीच्या प्रयोगशाळांत गेली. ती कुठे आहेत, हे विचारले की त्यांच्या हुद्द्याचे नाव कळे. मुलींविषयी विचारले, तर त्यांच्या नवऱ्याच्या गावाचे नाव कळे.

तिला संशोधनासाठी जागा मिळाली होती. दुसऱ्या वर्षी नवऱ्याची बदली झाली. तो विमा कार्यालयात होता, स्वभावाने सरळ. ‘वर्षभराचाच तर प्रश्न आहे,’ असे तो म्हणाला, आणि त्याला तसे खरोखर वाटत होते. पुढे सासूबाईंचे आजारपण निघाले, मग मुलगी झाली, मग मुलीची शाळा. यातला एकही निर्णय कोणी तिच्यावर लादला नाही. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी समजूतदारपणाचाच होता. त्या समजूतदारपणाची बेरीज मात्र तिच्या एकटीच्या वाट्याला आली.

बदलीहून ते परतले तेव्हा विभागातले एक प्राध्यापक निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरली जात नव्हती. विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतले. ‘तासिका तत्त्वावर या. जागा भरेपर्यंत.’ म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच काम, सत्र संपले की नेमणूक संपली, नवे सत्र सुरू झाले की नवी नेमणूक. दोन सत्रांमधल्या सुट्टीत ती त्या विभागाची कोणीही नसे. जागा भरेपर्यंत तिची मुलगी बालवर्गातून महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत आली.

घरात या कामाला ‘सोयीची नोकरी’ म्हणत. जाऊबाईंचे शब्द आणखी मोकळे होते. ‘तुझं बरं आहे बाई! हौस झाली की जायचं, कंटाळा आला की सोडायचं. आमच्या यांना विचार, साहेब कसा रक्त आटवतो ते.’ ती हसून विषय बदली. एकदा विद्यापीठाने माजी विद्यार्थिनींची पाहणी केली. नोकरी करता का, या प्रश्नाला तिने ‘हो’ असे उत्तर दिले, आणि सुशिक्षित स्त्रियांच्या नोकरीचे प्रमाण तिच्यापुरते वाढले. दुसरे उत्तर तरी काय द्यायचे होते? सकाळी निघून संध्याकाळी परतणारी बाई नोकरी करत नाही, असे कसे म्हणायचे?

अखेर त्या जागेची जाहिरात आली. वयाची अट पाहता हा तिचा शेवटचा अर्ज होता. पुढच्या जाहिरातीपर्यंत ती त्या अटीत बसली नसती. घरातही पहिल्यांदाच तिच्या कामाने जागा अडवली. जेवणाच्या टेबलावर पुस्तके पसरली, नवरा स्वयंपाकघरात शिरला, आणि मुलगी चष्मा नाकावर ओढून परीक्षक झाली.

‘बाई, आपला सगळ्यात मोठा दोष सांगा.’

‘मला नाही म्हणता येत नाही.’

‘आई, हे तिथे बोलू नकोस हं! मुलाखत राहील बाजूला, आणि तुला चहा सांगायला पाठवतील.’

तिघेही खूप हसले.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी विभागप्रमुख तिच्या टेबलाशी आले. प्रयोगशाळा साहाय्यकाची जागाही रिकामीच होती, त्यामुळे ते कामही तिच्याकडेच येई.

‘ताई, उद्या प्रात्यक्षिक आहे. उमेदवारांना अनोळखी खोडाचा छेद द्यायचा, त्यांनी तो ओळखून समितीला समजावून सांगायचा. जरा अवघडसं काहीतरी काढा. बाहेरून तज्ज्ञ येणार आहेत, आपले जाडेभरडे सेक्शन त्यांना दाखवायला नकोत.’

‘किती स्लाइड लागतील, सर?’

‘जितके उमेदवार, तितक्या. आणि एखादी जास्त असू द्या.’

तिने बागेच्या मागच्या कुंपणावरची एक वेल निवडली. तिच्या खोडाची रचना नेहमीच्या नियमात बसत नाही, म्हणून भलेभले तिथे फसतात. छेद घेतले, रंगवले, काचा पुसून ओळीने मांडल्या. जाताना सूक्ष्मदर्शकांवर आच्छादने घातली. काम चांगले झाल्याचे समाधान घेऊन ती घरी गेली. आपण कशाची तयारी केली, हे तिच्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी तिचीच एक जुनी विद्यार्थिनी बसली होती, संशोधन पूर्ण करून आलेली. ‘ताई, तुम्ही असताना मी अर्ज करायलाच नको होता,’ ती म्हणाली.

‘वेडी आहेस का? मला मिळाली, तर ही जागा मी तुझ्यासाठी सोडेन असं समजू नकोस,’ ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

आत समितीने पहिल्या उमेदवाराआधी स्लाइड पाहून घेतली. बाहेरचे तज्ज्ञ वयस्कर होते आणि नियमांचे पक्के. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ते म्हणाले, ‘वा! असा हात आता पाहायला मिळत नाही. कोणाचं काम?’

विभागप्रमुखांना वाटले, तिच्यासाठी दोन शब्द टाकायची हीच वेळ. ‘आमच्या ताईंचं. बाहेर बसल्या आहेत. त्याही उमेदवार आहेत.’

तज्ज्ञांनी मान वर केली. ‘उमेदवार? मग त्यांना आपण काय ओळखायला देणार?’

मग शोधाशोध सुरू झाली. दुसरा नमुना काढला. तो तिचाच होता. कपाटातल्या जुन्या पेट्या उघडल्या. त्याही तिच्याच. त्या विभागात तिच्या हातची नाही अशी वापरण्याजोगी एकही स्लाइड उरली नव्हती. शेवटी विभागप्रमुखांनी स्वतः पाते हातात घेतले. कित्येक वर्षांत त्यांनी ते घेतले नव्हते. छेद पुठ्ठ्याएवढा जाड निघाला, त्यातून उजेडच शिरेना. तज्ज्ञांनी घड्याळ पाहिले आणि खेदाने, पण ठामपणे सांगितले, ‘त्यांचे प्रात्यक्षिकाचे गुण धरता येणार नाहीत. उद्या दुसरा उमेदवार हरकत घेईल, आणि ती योग्यच असेल.’

ती हरकत खरोखर योग्य ठरली असती. या घटनेतली सर्वांत कठीण गोष्ट हीच, की तिला ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा अन्याय करणारा कोणी नव्हता. तोंडी मुलाखतीत तिने चांगली उत्तरे दिली, पण तेवढ्याने भागणार नव्हते. निवड त्या विद्यार्थिनीची झाली. तिने वेल अचूक ओळखली होती. ती ओळखायला तिला कोणी शिकवले होते, हे वेगळे सांगायला नको.

निकालानंतर विभागप्रमुखांनी ताईला खोलीत बोलावले आणि समितीपुढे काय घडले ते सांगितले.

‘सर, एक विचारू? मला स्लाइड करायला सांगितल्यात, तेव्हा मी अर्ज केलाय हे तुम्हाला माहीत होतं ना?’

‘अर्ज माझ्याच हातून पुढे गेला, ताई.’

‘मग?’

‘डोक्यातच आलं नाही.’ त्यांचा आवाज पडला. ‘शपथेवर सांगतो, मला वाटलं, तुम्ही आहातच.’

‘माझ्याही नाही आलं,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला दोष देऊन काय करू? मीसुद्धा स्वतःला उमेदवार धरलं नव्हतं.’

त्यांना आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगवत नव्हती. तिने ती त्यांच्यासाठी सोपी केली. ‘पुढच्या सत्रात माझे तास नाहीत. असंच ना?’

‘ते तास त्या जागेचेच होते, ताई. जागा भरली.’

इतकी वर्षे ती ज्या रिकामेपणावर शिकवत होती, तो आता संपला होता. ती जागा आपल्यासाठी रिकामी आहे, असे तिला वाटत आले होते. प्रत्यक्षात जागा रिकामी होती, म्हणून ती तिथे होती.

रात्री जेवताना तिने घरी सांगितले. मुलीचे डोळे भरले; तिने ताटावर मान खाली घातली. नवरा मनापासून, मायेने बोलला.

‘अगं, जाऊ दे. एका अर्थी बरंच झालं. किती दगदग करायचीस! आता जरा निवांत राहशील.’

‘अहो, ती दगदग नव्हती,’ ती म्हणाली. ‘ती माझी नोकरी होती.’

त्याने तिच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत हा शब्द तिने या घरात असा उच्चारला नव्हता, आणि आता उच्चारला तेव्हा त्यापुढे ‘होती’ लागले होते. त्याने पाण्याचा पेला तिच्या बाजूला सरकवला.