बियाची गोवरी

आमच्याकडे टमाट्याला भेदरं म्हणतात. माझ्या आईची भेदरं चपटी असायची, भोपळ्यासारख्या फाकी पडलेली आणि फार आंबट. साल पातळ, त्यामुळे बाजारापर्यंत टिकायची नाहीत. माझ्या लग्नात आईने त्यांचं बी माझ्या पदराला बांधून दिलं. आता आई नाही. माहेरी सगळे हायब्रीडची रोपं विकत आणतात. ते बी राहिलं फक्त माझ्याकडे, न्हाणीच्या पाण्यावरच्या वाफ्यात.

यंदा पानं चुरडली आणि एकच झाड वाचलं. त्याची फळं मऊ पडेपर्यंत मी तोडली नाहीत. मग पुढच्या पेरणीपर्यंत बी टिकवायला आई करायची तसंच केलं. बी राखेत चोळलं, ओल्या गोवरीवर पसरलं, वरून शेणाचा पातळ थर दिला. बाकी गोवऱ्यांवर थापताना हाताचा पंजा उमटतो. बियाच्या गोवरीवर तो राहू द्यायचा नाही, ओल्या हाताने ती गुळगुळीत करायची. एवढीच तिची खूण. आईला माहीत होती आणि मला. सासरी कोणी विचारलं नाही, मी सांगितली नाही. गोवरी पडवीतल्या कोनाड्यात उभी करून ठेवली.

चैत्रात शेतातल्या मारोतीपुढे रोडग्यांचं जेवण होतं. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात पुरुषमाणसंच भाजतात. मी घागर घेऊन पोचले तेव्हा गोवऱ्या रचून झाल्या होत्या. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शेवटची गोवरी हातात घेऊन बसले होते.

"हे पाय, कशी सपाट हाय! पडवीत उगीच पडून राह्यली होती."

तिच्यावर पंजा नव्हता.

भासऱ्यांशी मी इतक्या वर्षांत एक शब्द बोललेली नाही. आमच्यात बोलत नाहीत. मी पदर पुढे ओढला. नवरा पलीकडे कणीक मळत होता. त्याच्याकडे पाहून मी गोवरीकडे हात केला. पुन्हा केला.

"काय व? माचीस?" तो म्हणाला. "बरी आठवण केली." आणि खिशातली माचीस त्याने भासऱ्यांकडे फेकली.

हातातली गोवरी वर ठेवून त्यांनी काडी लावली. गोवऱ्या चांगल्या वाळलेल्या होत्या, लगेच पेटल्या. मी तशीच उभी.

"घागर त उतरव व!" जाऊबाई ओरडल्या. "का मारोतीले नवस बोलली, उभीच राहीन म्हणून?"

सगळे हसले. मीही हसले. मग रोडगे वाढले, मी खाल्ले. सगळे म्हणत होते, छान खरपूस झालेत.

परतताना नवऱ्याला सांगितलं. तो चालता चालता थांबला.

"मंग तवाच बोलाचं ना! तोंड नाही काय तुले?"

थोडं पुढे गेल्यावर तोच म्हणाला, "जाऊ दे. जानेफळच्या बजारातून पाकीट आणून देतो."

आणलंही. पाकिटावरचं भेदरं चेंडूसारखं गोल आहे, एकही फाक नाही. पावसाळ्यात पेरायचं तर आता तेच आहे. ते मी पडवीतल्या कोनाड्यात ठेवलं. दुसरीकडे कुठे ठेवावं ते सुचलं नाही.