वहिनीच्या चुका

फोन प्राचीचा होता. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाली. मी तेव्हा मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. फोन ठेवला, ती जुडी पिशवीत टाकली आणि मगच रिक्षा शोधली... माणूस असा का वागतो, कोण जाणे. कुसुमवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, सकाळी कणीक मळता मळता ओट्यापाशी खाली बसली, ती उठलीच नाही. साठीसुद्धा गाठली नव्हती.

दशक्रियेला गोदाकाठी भाषणं झाली, आमच्याकडे होतात तशी. वहिनी सुगरण होती, माणसं जोडणारी होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही... मग दादाने माईक माझ्या हातात दिला. "तू शिक्षिका, तू बोल." मीही सुगरण म्हणाले आणि खाली बसले. तिथे जे सांगायला हवं होतं, ते सगळ्या नातेवाइकांसमोर माझ्या तोंडून निघेना. म्हणून आज, सव्वा महिन्याने, इथे लिहिते आहे.

वहिनी नामपूरची. बारावी झालेली, वर सटाण्याला राहून बालवाडीचा कोर्स केलेली. लग्न होऊन आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिच्या बोलण्यात 'शे' यायचं आणि आम्ही सगळे हसायचो. पाहुण्यांसमोर आई तिला 'आहे म्हण, आहे' असं दटावायची. हळूहळू ती आमच्यासारखं बोलू लागली, म्हणजे खरं तर कमी बोलू लागली. तिचा आवाज मोकळा व्हायचा तो संध्याकाळी, प्राचीचं शुद्धलेखन घेताना. आणि तेही उलटंच असायचं. मुलीने पुस्तकातून वाचायचं, आईने खाली बसून वहीत लिहायचं. लिहून झालं की वहिनी लाल पेन्सिल पुढे करायची, "घ्या बाई, तपासा." प्राची चष्मा लावल्यासारखी दोन बोटं डोळ्यांवर धरून तपासायला बसायची. 'पाउस'वर फुली, 'दीवाळी'वर फुली. प्रत्येक फुलीला वहिनी कान पकडायची. पोरगी आनंदाने किंचाळायची.

आमच्या घरात हा मोठाच विनोद झाला. एका रविवारी जेवणं झाल्यावर दादाने ती वही सगळ्यांसमोर नाचवली. "बघा, सात वर्षांची पोरगी बारावी पास आईला शिकवते!" वही माझ्याही हातात आली. मी तेव्हा एका खासगी शाळेत प्राथमिकला शिकवत होते. पानभर लाल फुल्या पाहिल्या आणि मान हलवली. वहिनी आतून ताक घेऊन आली, वहीकडे पाहिलं, हसली. तेव्हा मला वाटलं, बिचारी लाजली.

पुढच्याच महिन्यात आमच्या शाळेच्या बालवाडीत जागा निघाली. वहिनीने अर्ज केला. नामपूरहून सर्टिफिकेट मागवलं, फोटो काढला, मला दहादा विचारलं, "ताई, मुलाखतीला साडी कोणती नेसू?" मोठ्या बाईंनी तिचा अर्ज पाहून मला बोलावलं. "तुमच्या घरातल्या आहेत ना? कशा आहेत?" मी म्हणाले, "स्वभावाने चांगल्या आहेत. पण बोलणं अहिराणी वळणाचं आहे, आणि लेखन... लेखन फार कच्चं आहे, बाई." खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही. उलट शाळेशी किती प्रामाणिक राहिले, म्हणून स्वतःवरच खूश होते.

वहिनीला मुलाखतीचं बोलावणंच आलं नाही. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. फार दुखावली की तिच्या तोंडून माहेरची बोली यायची. "ताई, मन्हं नाव काबरं नही उनं?" माझं नाव का नाही आलं... मी सांगितलं, जागाच रद्द झाली. हे मात्र धडधडीत खोटं होतं.

वर्षं गेली. माझा निखिल तिसरीत शुद्धलेखनात सारखा नापास. मी शिक्षिका, तरी घरी त्याला शिकवायला बसले की पट्टी आणि रडारड. शेवटी मे महिन्यात त्याला मामीकडे पाठवायला लागले, म्हटलं निदान मार तरी वाचेल. जूनमध्ये पोरगं नीट लिहायला लागलं. एकदा त्याला घेऊन परतत होते, द्वारकेच्या सिग्नलला स्कूटर थांबलेली. मी सहज म्हणाले, "मामीच्या वहीत किती चुका काढल्यास आज?" मागून तो म्हणाला, "मामी मुद्दाम चुकते, आई. मी काल जे चुकलो ना, तेच ती आज चुकते. पानाखाली आधीच आकडा लिहून ठेवते, इतक्या सापडल्या पाहिजेत. तुला माहीत नाही? प्राचीताईला तर लहानपणापासून माहितीये."

सिग्नल सुटला तरी मी उभीच. मागच्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी स्वतःला माफ केलं असतं. चूक कुणाचीही होते. पण पुढे मी त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले. बालवाडीत माझ्या डोळ्यांदेखत दोनदा जागा निघाली, आणि दोन्ही वेळा मी वहिनीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधीचं काय बोलले होते तेही सांगावं लागलं असतं. वय झालं आता तिचं, असं मनाला समजावलं. चाळिशीही ओलांडली नव्हती तिने.

प्राचीच्या लग्नात मोठ्या बाई आल्या होत्या. म्हाताऱ्या झालेल्या, मनाने निर्मळ. वहिनीचा हात धरून म्हणाल्या, "तुम्हाला घ्यायचं मनात होतं हो माझ्या. पण तुमच्या नणंदबाईच म्हणाल्या, लेखन कच्चं आहे." मी शेजारीच उभी होते. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "ताई, बाईंना जिलबी वाढा ना." त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एकमेकींच्या घरी जेवलो, पण तो विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. तिने एकदा तरी भांडायला हवं होतं. तिच्या त्या गप्प राहण्याचा मला अजून राग येतो... आणि असा राग येतो याचीही लाज वाटते.

परवा प्राचीने मला एक वही आणून दिली. शेजारची एक छोटी मुलगी रोज संध्याकाळी वहिनीकडे यायची, तिच्यासाठीची. शेवटचं पान लिहून तयार होतं, तपासलेलं नव्हतं. पानाखाली वहिनीचं टपोरं, वळणदार अक्षर : 'चुका पाच.'

लाल पेन्सिल घेऊन तेव्हापासून रोज बसते. उभा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यात घालवला मी. चार सापडल्या आहेत.