अनोळखी मुलगी

धोंडूकाका तांब्यांना कुणी चांगला नट म्हणालं तर मी भांडेन. आवाज भसाडा, वाक्यं विसरायचे, मंत्र्याचं काम करतानाही खिशात पाना तसाच. मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन गावी आले, विहिरींवरचे पंप दुरुस्त करू लागले आणि उरलेल्या वेळात पथनाट्यं. राजापूर तालुक्यात बाजार असो की एसटीचा थांबा, चार माणसं दिसली की डफ वाजलाच. काकी करवादायची, लोकांचे पंप पडलेत अंगणात आणि हे चालले नाचायला. काका आपले हसायचे.

आमच्या वाडीतली मनस्वी बाळंतपणात गेली. गावच्या दवाखान्यात दोन वर्षं डॉक्टर नव्हता, रत्नागिरीला नेता नेता टेम्पोतच संपली. तिचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्याकडचं दिवसकार्य, झालं त्याच आठवड्यात काकांनी नाटक लिहिलं आणि मनस्वीचं काम मला दिलं. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. तोंडाला पांढरा रंग फासून रस्त्यावर पडून राहायचं, शेवटी उठून लोकांना विचारायचं, मला कोणी मारलं? एवढंच काम, पण मला रडूच यायचं. काका चिडले.

"गो बाय, तू रडलीस तर लोकही रडून मोकळे होतील आणि जातील घरी. तू नुसती बघ त्यांच्याकडे."

तेवढं एकच त्यांनी मला शिकवलं. पण काय शिकवलं! पुढच्या खेळाला बाजारातल्या बायका जागच्या हलल्या नाहीत.

मग एका खेळाला पोलिसांनी परवानगी नाकारली. काकांनी तरीही केला आणि गुन्हा दाखल झाला. त्यात काका, आणखी दोघे आणि 'एक अनोळखी मुलगी'. रंगामुळे माझा चेहरा कुणाला कळला नव्हता. ते दोघे मुंबईला कामाला निघून गेले. तारखांना काका एकटे.

पुढे मला सरकारी नर्सची नोकरी लागली. चारित्र्य पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात बोलावलं, आणि तोवर कुणा मेल्याने कागाळी केलेली की ती मुलगी मीच. गुन्ह्यात नाव आलं असतं तर नोकरी गेलीच. आईने दुसऱ्यांच्या बागांत आंब्याच्या पेट्या भरून मला शिकवलं होतं. साहेबांनी काकांनाही बोलावून घेतलं, मोबाइलवरचा व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हीच ना?

काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. अंगाखांद्यावर खेळवलेली मी, पण डोळ्यांत ओळखीचा लवलेश नाही. एवढं चोख काम त्या माणसाने जन्मात केलं नव्हतं.

"नाही साहेब. ही बघ्यांतली. हिला काम कुठलं जमतंय?"

मीही तसंच लिहून दिलं, की मी फक्त बघायला थांबले होते. खाली सही केली. खोटं कशाला बोलू, तेव्हा हायसंच वाटलं. बाहेर आल्यावर काका माझी ओळखच नसल्यासारखे स्टँडकडे चालायला लागले, तेव्हा मात्र माझी मलाच किळस आली.

गेल्या महिन्यात सुट्टीवर आले होते. बाजारात डफ ऐकून थांबले. काका एकटेच. टेम्पोवालाही तेच आणि मंत्रीही तेच. मनस्वीच्या जागी रस्त्यावर नुसती चादर. दवाखान्यात डॉक्टर अजून आलेला नाही. शेवटापाशी काका थांबले आणि लोकांना म्हणाले, आमच्याकडे मुलगी नाही, एकच वाक्य आहे, कुणी बाई पुढे येईल काय?

त्यांची नजर एकेका बाईवरून फिरत आली. माझ्यापर्यंत आली, आणि न थांबता पुढे गेली.

कुणी आलं नाही. मी तर अगदी पुढेच उभी होते.